न चाखता केलेल्या सह्या

माझ्या हातचं वरण त्या दिवशी तिघांपैकी एकानंही चाखलं नाही. तरी वहीत लिहिलेलं आहे, चव उत्तम. खाली तीन सह्या.

आधी वहीचं सांगते. शाळेत दुपारचं जेवण शिजतं. लेकरांना वाढायच्या अर्धा तास आधी मुख्याध्यापकानं, एका शिक्षकानं आणि एका पालकानं ते चाखायचं, चव कशी होती ते वहीत लिहायचं आणि सही करायची. पोरांच्या पोटात वाईट-साईट जाऊ नये म्हणून केलेला नियम. आम्ही तिला चवीची वही म्हणतो. नियम चांगला आहे. नियमावर माझा राग नाही.

मी त्या शाळेत दोन वर्षं मदतनीस होते. हातपंपावरून पाणी आणायचं, तांदूळ निवडायचे, डाळ धुवायची, शेवटी गंज घासायचे. गंज म्हणजे आमच्याकडची मोठी पातेली. शिजवायचं काम इंदूबाईचं. तोंडानं मला कोणी कधी काही सांगितलं नाही, पण पहिल्या आठवड्यातच मला समजलं. कच्च्या तांदळाला माझा हात चालायचा. भात शिजला की चालत नव्हता. लेकरं जेवून उठली की खरकट्याला परत चालायचा. मधला तेवढा तास मी शेडच्या बाहेर, हातपंपाच्या ओट्यावर बसून असायचे.

त्या बुधवारी इंदूबाईच्या लेकीला कळा सुरू झाल्या. इंदूबाई सकाळच्या एसटीनं भंडाऱ्याला गेली. मुख्याध्यापक सरांचा मला फोन आला, "बाई, आजचा दिवस सांभाळून घ्या."

सांभाळलं. असं सांभाळलं की बस. तुरीची डाळ हळद घालून मऊ शिजवली, लसणाची फोडणी दिली, वरून सांभार चिरून टाकला. सांभार म्हणजे कोथिंबीर. पुण्या-मुंबईचे लोक ऐकून हसतात, हसू द्या. भाताचं शीत न् शीत मोकळं. दोन वर्षं बाहेर बसून मी इंदूबाईची जळलेली फोडणी नुसत्या वासानं ओळखत होते. त्या दिवशी माझ्या शेडमधून जळका वास आला नाही.

साडेअकराला सर आले आणि दाराच्या बाहेरच थांबले. "वा, वास तर मस्त सुटला आहे," म्हणाले. मी ताटलीत भात-वरण काढून पुढे केलं. "नको नको, सकाळपासून पोट जरा बरोबर नाही." पोटावरून हात फिरवला आणि सही केली.

मग शाळेच्या समितीच्या अध्यक्षबाई आल्या. पालकांच्या वतीनं चाखायचं काम त्यांचं. ताटलीकडे बघून म्हणाल्या, "मले उपास हाये."

"बुधवारचा?" मी विचारलं.

"नवसाचा हाये." सही केली.

तिसऱ्या नव्या मॅडम. वर्षभरापूर्वी आलेल्या, वय पंचवीस-सव्वीस. त्या खाली बघून म्हणाल्या, "मी डबा आणला आहे, ताई." आणि सही केली.

तीन ताटल्या काढल्या होत्या मी. तिन्ही तशाच. एकाचं पोट, एकीचा उपास, एकीचा डबा. तिघांनी इतकं स्वच्छ बोलावं की भांडायला जागा राहू नये. शिवी दिली असती तर मी शिवी दिली असती. माझ्या तोंडाला कुलूप नाही. पण आजारी पोटाला काय शिवी देणार?

मग घंटा झाली. लेकरं ओळीनं बसली. अर्ध्याहून जास्त पोरांनी पिशव्यांतून डबे काढले. एरवी कोणी डबा आणत नाही. म्हणजे इंदूबाई नाही हे सकाळीच गावभर झालं होतं, आणि घराघरात डबे भरले गेले होते. सरांना माहीत होतं. तरी फोन केला, कारण चूल पेटली नाही तर वर जाब द्यावा लागतो.

माझी लेक पौर्णिमा चौथीत. आम्ही तिला पुनी म्हणतो. तिनं एकदा वाढून घेतलं. दुसऱ्यांदा घेतलं. तिसऱ्यांदा ताट घेऊन उठली तेव्हा मी म्हटलं, "पुरे कर वं, पोट फुटन."

ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्या ओळीला ऐकू जाईल अशी, "लय मस्त झालं आई." आणि खायला बसली. तिच्या घशाखाली उतरत नव्हतं, दिसत होतं मला. पाणी पिऊन पिऊन घास लोटत होती. संध्याकाळी घरी येऊन तिनं सगळं ओकून टाकलं. नऊ वर्षांची पोर आईची अब्रू वाचवायला पोटाबाहेर जेवली. मी तिचं तोंड धुतलं आणि मला रडू आलं नाही, राग आला. तो राग अजून गेलेला नाही आणि मी त्याला घालवायच्या खटपटीतही नाही.

लोक मला संशयी म्हणतात. आहे मी संशयी. कोणी चहा दिला तर मी आधी कप बघते, मग देणाऱ्याचा हात बघते, मग चहा. कोणी 'या या, बसा' म्हटलं तर कशावर बसा म्हणतो ते बघते. हे जन्मतः आलेलं नाही. आमचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. पाणी वर आलं तेव्हा सगळ्या जातींची घरं सारखीच बुडाली, कोणाचंही देवघर तरंगलं नाही. पण नव्या जागी प्लॉट पाडले तेव्हा आम्हा बौद्धांची आळी पुन्हा शेवटाला, नाल्याच्या कडेला. चिठ्ठ्या टाकून निघाल्या म्हणे. चिठ्ठीलाही जात कळते हे मला तेव्हा कळलं. त्यानंतर तीन वर्षांत माझा नवरा काविळीनं गेला. ज्या गावाच्या शेजारी आम्हाला वसवलं, त्या गावाला आम्ही आजही 'पुनर्वसनवाले' आहोत. शाळा त्या गावाची.

त्या बुधवारच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले तर चुलीपाशी अध्यक्षबाईंची जाऊ. इंदूबाई येईपर्यंत तीच शिजवणार. मला सरांनी हातानंच हातपंप दाखवला.

मी गेले नाही. ऑफिसच्या दारात उभी राहिले. "सर, काल मी शिजवलं. आज काहून नाई?"

सर मूळचे पवनीचे, विणकर घरातले. माणूस गोड. आवाज कधी चढत नाही. म्हणाले, "अहो बाई, तुमच्या मनात भलतंच येतं. जात-पात आता कोण पाळतं? आमच्या घरी मागावर सगळ्या समाजाची माणसं बसायची. विषय पदाचा आहे. तुमचं पद मदतनीस. स्वयंपाकी नाही."

"मंग त्या जाऊबाईचं पद काय हाये जी?"

सर पंख्याकडे बघू लागले. पंखा बंद होता.

मी अध्यक्षबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "जातीचं नाई वं, तुले शप्पथ. तू गावची नाई ना. पुनर्वसनवाली. बाया म्हणतेत, आपल्या गावची चूल आपल्याच गावच्या बाईपाशी असू द्या."

चार दिवसांनी इंदूबाई नातवाचं तोंड बघून आली. ती मनाची वाईट नाही. माझ्यासाठी पेढा आणला होता, कागदात गुंडाळून, कागदासकट हातावर ठेवला. तिला मी विचारलं. ती जवळ सरकून म्हणाली, "खरं सांगू काय? तुह्या कपाळावर कुकू नाई. लहान लेकरायचं अन्न, बायायच्या मनात येते. तुह्यावर कोनाचा राग नाई."

तीन माणसं, तीन कारणं. पद सोडून देऊ, ते तर सरांनाच पटलेलं नव्हतं. जात नाही म्हणे. मग गाव. मग कुंकू.

मी हातपंपावर बसून विचार करायची. दोन वर्षं तेवढं एकच काम मला फुकट मिळालं होतं. मी एकेक कारण घेऊन तपासलं, तांदळातले खडे वेचतात तसं. कुंकवाचं म्हणाल तर अध्यक्षबाईंची जाऊही विधवाच. ती चार दिवस शिजवत होती आणि एकाही पोरानं डबा आणला नाही. गावाचं म्हणाल तर आमच्याच पुनर्वसनातली, पण दुसऱ्या जातीची, एक बाई गावातल्या बारशाला, लग्नाला स्वयंपाकाला जाते, पोळ्या लाटते. आणि जातीचं म्हणाल तर आमच्याच समाजाचे एक साहेब तालुक्याहून तपासणीला येतात. त्यांना खुर्ची, त्यांना चहा, सर स्वतः गाडीपर्यंत सोडायला जातात.

म्हणजे नुसती विधवा चालते. नुसती पुनर्वसनवाली चालते. बौद्धसुद्धा चालतो, पुरुष असला आणि साहेब असला तर. पण हे तिन्ही एकाच बाईच्या अंगावर आलं की चालत नाही. आणि विचारायला गेलं की प्रत्येक जण दुसरंच बोट दाखवतो, ते खोटं ठरवलं की तिसरं. मी इतके दिवस एकाच कारणाशी भांडत बसले होते. म्हणून दरवेळी हरत होते.

हे समजलं त्या दिवशी मी घरी आले आणि पुनीला म्हटलं, "मी चुलीवर परत जाणार." ती म्हणाली, "मंग माह्या वर्गाच्या पोट्ट्याईले डबा नको आणू म्हण."

आधी मी आपल्या माणसांकडे गेले. विहारात. विहार मला आवडायचा. पौर्णिमेला सगळ्या बायका पांढऱ्या साडीत येतात, त्यात नवऱ्याची कोण आणि बिननवऱ्याची कोण हे कळत नाही. तिथल्या मंडळाचे सचिव भाऊ शिकलेले, चार ठिकाणी भाषण करणारे. त्यांनी सगळं ऐकलं आणि त्यांचे डोळे चमकले. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

"आता तुमी घरी जा, बाई. आमी पाहून घेतो."

अर्ज त्यांनी लिहिला. खाली नाव माझं. वाचायला मागितला तर म्हणाले, कायदेशीर भाषा आहे. मी दहावी नापास आहे, पण वाचता येतं. हातातून घेऊन वाचला. त्यात जातीवरून अन्याय, एवढंच. पुनर्वसनाचा शब्द नाही, विधवेचा शब्द नाही. मी म्हटलं, हेही घाला.

ते म्हणाले, "त्यानं मुद्दा पातळ होते. पुनर्वसनाच्या समितीत सगळ्या जातीचे लोक हायेत, ते नाराज होतीन. अन् विधवेचं काय, ते आपल्यात पाळतच नाई."

आपल्यात पाळत नाही! यांच्याच मुलीच्या मंगल परिणयात मला मागच्या रांगेतून पुढे कोणी बोलावलं नव्हतं. मी ते बोलले. भाऊंनी घड्याळ बघितलं. बैठक होती त्यांची, माझ्याच विषयावर. बैठकीला सगळे पुरुष. मी ओट्यावरच्या चपला मोजत बाहेर बसले होते. मग मला कळलं की हातपंप इथंही आहे.

तरी अर्ज वर भंडाऱ्याला गेला. आणि शाळेत एकदम गोडी सुरू झाली. "ताई, या. बसा." खुर्ची. "ताई, चहा घ्या." सर, दोन्ही शिक्षक, सगळ्यांसमोर शाळेचे जुने कप, कान तुटलेले, कडा गेलेले. माझ्या हातात नवा कोरा कप. बुडाला किमतीची चिठ्ठी तशीच चिकटलेली. माझ्यासाठी वेगळा कप विकत आणला होता, आणि तो मानपान म्हणून पुढे केला होता.

मी चहा प्यायले. ती चिठ्ठी नखानं सोलून टेबलावर चिकटवली आणि म्हटलं, "सर, बोला. काय काम हाये?"

काम होतं. भंडाऱ्याहून तपासणीला साहेबबाई येणार होत्या. "त्या दिवशी स्वयंपाक तुम्हीच करा. नवी साडी नेसून या. फोटो निघेल. आणि ही एक छोटीशी सही." कागद पुढे सरकवला. त्यावर टाइप केलेलं, मला या शाळेत कोणताही त्रास नाही व मी समाधानी आहे.

"स्वयंपाक करतो," मी म्हटलं. "सही नाई करत."

"करा हो ताई, तुमच्याच भल्याचं आहे."

माझ्या भल्याचं कोणी एवढ्या घाईनं सांगितलं की मी पदर खोचते. कागद तिथंच ठेवला.

तपासणीचा दिवस गुरुवार. आठवड्याच्या तक्त्याप्रमाणे गुरुवारी मटकीची उसळ. मी पहाटे कोठीतली मटकी काढली तर किडे. वळवळ करत होते. सगळी मटकी बाजूला ठेवली आणि वरण चढवलं. सांगणार कोणाला? शेडच्या आत बघायला कोणी आलंच नाही. मला डोक्यावर घालायला पांढरी टोपी दिली होती, पुढे बांधायला कापड दिलं होतं. फोटोवाला बाहेरून फोटो काढून गेला.

साहेबबाई आल्या. शिकलेल्या, करारी चेहऱ्याच्या. मला क्षणभर वाटलं, बाई आहे, बघेल. सरांनी चवीची वही पुढे केली. साहेबबाईंनी वाचलं, "मटकीची उसळ. चव उत्तम. मीठ प्रमाणात. छान." तीन सह्या बघितल्या आणि म्हणाल्या, "चला, बघू उसळ."

मी गंजावरचं झाकण काढलं. पिवळंधमक वरण.

तपासणीला वही भरलेली दिसावी म्हणून सरांनी त्या आठवड्याच्या तिघांच्या सह्या सोमवारीच उरकून घेतल्या होत्या, हे मला तेव्हा समजलं. शनिवारपर्यंतची चव सोमवारी ठरलेली. किडे पडलेल्या मटकीचं मीठसुद्धा प्रमाणात होतं.

"लिहिताना चूक झाली असेल," साहेबबाई म्हणाल्या. "दुरुस्त करून घ्या सर."

चूक! सरांनी पेन काढलं. उसळ खोडून वरण लिहिणार, बाकी 'उत्तम' तसंच राहणार. माझ्या अंगात काय शिरलं सांगता येत नाही. पुनी व्हरांड्यात ओळीत बसली होती, मान वर करून माझ्याकडे बघत होती. मी पाच ताटल्या काढल्या. भात वाढला, वरण घातलं, आणि ओळीनं टेबलावर मांडल्या.

"चाखा जी. मंग लिवा."

सर म्हणाले, "बाई, ही वेळ आहे का?"

"हेच वेळ हाये. साडेअकरा. नियमात लिवलं हाये."

अध्यक्षबाईंनी पदर तोंडाला लावला. "मले उपास..."

"आज गुरुवार हाये, अध्यक्षबाई. तुमचा नवसाचा उपास तं बुधवारचा होता ना?"

मी नव्या मॅडमकडे बघितलं. इथं एक गोष्ट सांगायला हवी. या मॅडमना मी बुद्धपौर्णिमेला भंडाऱ्याच्या स्टँडवर पांढऱ्या साडीत बघितलं होतं. त्यांनीही मला बघितलं आणि मान वळवली. आडनाव असं की दोन्हीकडे चालतं. गावात भाड्यानं खोली मिळावी म्हणून त्यांनी कोणाला काही सांगितलेलं नव्हतं, आणि मीही नव्हतं. त्या दिवशी त्यांचा हात टेबलापर्यंत आला. बोटं ताटलीच्या काठाला लागली. मग सरांनी खाकरलं आणि हात मागे गेला.

साहेबबाई म्हणाल्या, "मी बाहेरचं काही घेत नाही, डॉक्टरांनी मनाई केली आहे." त्यांच्यासाठी ऑफिसात समोसे मागवले होते. मीच बशीत काढून ठेवले होते.

मग मी वही ओढली. सर "अहो, अहो" म्हणत राहिले. वहीत तिसरा रकाना पालकाचा. दोन वर्षं मी त्या शाळेत होते आणि मीही पालक आहे हे कोणाच्या, अगदी माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. माझी लेक त्या पटावर आहे. मी एक ताटली उचलली, सगळ्यांसमोर उभ्यानं खाल्ली, शेवटचं शीत पुसून खाल्लं. हात धुतला. आणि लिहिलं, हळूहळू, कारण माझ्या अक्षराला वळायला वेळ लागतो : 'आज मटकीत किडे होते म्हणून वरण केलं. भात मोकळा, मीठ बरोबर. मुख्याध्यापक, मॅडम, अध्यक्ष, तपासणीच्या साहेब, कोणी चाखलं नाही. मी चाखलं. पालक.' खाली पूर्ण नाव.



शनिवारी निरोप आला, सोमवारपासून येऊ नका. कारण, वरिष्ठांसमोर उद्धट वर्तन. बघा, चौथं कारण. तेही स्वच्छ.

त्याच संध्याकाळी नव्या मॅडम घरी आल्या. उजेड होता, तरी नाल्याच्या बाजूनं आल्या, गावातून नाही. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "ताई, मी खाल्लं असतं तर मला खोली सोडावी लागली असती. एकटी बाई आहे मी इथं. दुसरं कोण ठेवणार मला?"

मला तिला बोलायचं होतं. खूप बोलायचं होतं. पण ती खोटं बोलत नव्हती. नोकरी पक्की, पगार पक्का, आणि तरी एका खोलीसाठी आपलं नाव गिळून बसलेली. मी म्हटलं, "बसा. मी चहा ठेवतो." ती बसली, प्यायली. जाताना म्हणाली, "तुम्ही तक्रार कराल तेव्हा माझं नाव घेऊ नका."

"खोटं नाई लिवणार," मी म्हटलं. "तुमी चाखलं नाई, एवढं खरं हाये. बाकी तुमचं तुमच्यापाशी."

ती गेली. मला तिची कीव आली आणि तिच्यावर विश्वास मात्र बसला नाही.

या वेळी अर्ज मीच लिहिला. पुनीच्या वहीची चार पानं. भाऊंना दाखवला नाही. तालुक्याच्या ऑफिसात घेऊन गेले. तिथल्या बाबूंनी सगळा वाचला, हे खरं. चष्मा वर करून म्हणाले, "बाई, हे खिचडी झाली. तुमची तक्रार नेमकी कायची हाये? जातीची असन तर समाजकल्याणकडे जाईन. बाईची असन तर महिला-बालकल्याण. पुनर्वसनाची असन तर भंडाऱ्याले. रकाना एकच हाये. एकच लिवा, मंग फाईल पुढं सरकन."

"तिन्ही हाये जी."

"तिन्ही नाई लिवता येत. जे जास्त लागलं ते लिवा."

जे जास्त लागलं ते! मी विचार केला, खरंच केला. उभ्या उभ्या पुनीची ओकारी आठवली. ती जातीची होती, की विधवेच्या पोरीची, की पुनर्वसनवाल्यांची? मी म्हटलं, "साहेब, शिजलेल्या वरणातून तूर वेगळी, हळद वेगळी, मीठ वेगळं काढून दाखवा. मंग मी एकच लिवतो."

मागच्या टेबलावरचा एक जण हसला. बाबू हसले नाहीत. त्यांनी पानं माझ्याकडे सरकवली. "उद्या या. विचार करून या."

मी उद्या गेले. आणि त्याच्या पुढच्या आठवड्यातही गेले. बाबू आता मला बघून खुर्ची देतात. मी बसत नाही. खुर्ची दिली की कागद मागे राहतो, हे मी शाळेत शिकले आहे. सचिव भाऊंचा निरोप आला, जातीचं लिहा, आम्ही मोर्चा काढतो. पुनर्वसन समितीचा निरोप आला, जातीचं काढून टाका, आम्ही सह्या देतो. अध्यक्षबाईंनी इंदूबाईच्या हाती सांगून पाठवलं, सगळंच काढून टाक, परत गंज घासायला घेऊ. प्रत्येकाला माझा एक तुकडा पाहिजे. अख्खी कोणालाच नको.

सोमवारी मी पुन्हा जाणार आहे. बौद्ध आहे, विधवा बाई आहे, धरणानं उठवलेली आहे, हे तिन्ही त्या एका रकान्यात लिहिणार आहे. रकाना पुरला नाही तर बाहेर लिहीन, समासात लिहीन, कागदाच्या पाठीवर लिहीन. बाबूंनी कागद परत केला तर दुसऱ्या दिवशी तोच कागद घेऊन जाईन. त्यातला एक शब्दही मी खोडणार नाही.